सोबतीचे काम
एकट्याच्या लांब प्रवासातल्या साध्या अडचणींविषयी

मराठीतले प्रवासवर्णन उघडले की घाट, देऊळ, नदी, सूर्यास्त आणि वाटेत भेटलेली माणसे सापडतात. गाडी कुठे लावली, सामानाजवळ कोण बसले, लघवीला कुठे गेले, सुटे पैसे कुणाकडे होते, हे सहसा सापडत नाही. लिहिणाऱ्याला ते लिहिण्याजोगे वाटत नाही आणि वाचणाऱ्यालाही त्याची उणीव भासत नाही. प्रत्यक्ष प्रवासात मात्र दिवसाचा मोठा भाग याच गोष्टींत जातो. दोघे असतील तर त्या इतक्या सहज उरकतात की लक्षातही राहत नाहीत. माणूस एकटा असेल तर त्याच गोष्टी दिवसभर पुढ्यात उभ्या राहतात.

एकट्याच्या प्रवासाबद्दल अलीकडे बरेच बोलले जाते. त्यात धाडस असते, स्वातंत्र्य असते, स्वतःचा शोध असतो. या लेखाचा विषय त्याहून साधा आहे. प्रवासाची आपली बहुतेक व्यवस्था पूर्वीपासून दोन माणसे धरून घडली आहे. एक जातो, दुसरा थांबतो. एक हाकतो, दुसरा पाहतो. एक विचारपूस करतो, दुसरा राखण करतो. या दुसऱ्या माणसाला आपण ‘सोबत’ म्हणतो आणि सोबत म्हणजे गप्पा, विरंगुळा असे समजतो. मुळात सोबत हे एक काम होते. ते काम कोण करत असे, कोणत्या मोबदल्यात करत असे आणि आता ते कुणावर पडले आहे, हे पाहिले तर एकट्या प्रवाशाच्या किरकोळ वाटणाऱ्या कटकटींचा उगम कळतो.

उदाहरणासाठी यवतमाळ जिल्हा घेऊ. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. पूर्वेकडच्या वणीहून नैर्ऋत्येच्या उमरखेडला रस्त्याने जायचे तर जिल्ह्याबाहेर पाऊल न टाकता दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर होते. यवतमाळ शहराला मूर्तिजापूरशी जोडणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४पर्यंत ओढली, नंतर डिझेलचे इंजिन आले आणि पुढे गाडीच थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा रुंद मार्ग फेब्रुवारी २०२४मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत सुरू झाला. तोवर आणि अजूनही यवतमाळकराचा लांबचा प्रवास म्हणजे मुख्यतः रस्ता.

असे दोन मोठे रस्ते जिल्ह्यातून जातात. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे जुन्या माणसांचा ‘सात नंबर’, हिंगणघाटकडून वर्धा नदी ओलांडून येतो आणि वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत पैनगंगेपलीकडे तेलंगणात उतरतो. दुसरा नागपूर-तुळजापूर महामार्ग. तो वर्ध्याहून कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा नांदेडकडे जातो. नागपूरहून हैदराबादला एकट्याने गाडी नेणारा माणूस सुमारे पाचशे किलोमीटरांचा प्रवास करतो आणि त्यातला मधला टप्पा या जिल्ह्यात घालवतो. दुपारच्या जेवणाची, पहिल्या थकव्याची आणि इंधनाच्या हिशेबाची वेळ बहुधा इथेच येते.

तांडा, वेसकर आणि पहारेकरी

या मुलखात एकट्याने लांब जाण्याची रीत नव्हती. पुसद, दिग्रस, दारव्हा भागांत आज ज्यांचे तांडे स्थिरावले आहेत त्या बंजारा समाजाचा पिढीजात धंदा ‘लदेणी’चा होता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो कोस वाहून नेणे, हे ते काम. तांडा ही आज आपल्याला वस्ती वाटते. मुळात ती वाहतुकीची संघटना होती. नायक वाट ठरवी, कारभारी त्याला साहाय्य करी. बैल राखणे, पाणी शोधणे, रात्री जागणे, स्वयंपाक करणे ही कामे बायकापुरुषांत वाटलेली असत. जनावर लंगडले म्हणून एकाने मागे थांबायचे ठरवले तरी बाकीच्यांचे अडत नसे. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, वऱ्हाडचा कापूस रुळांवरून मुंबईला जाऊ लागला आणि लदेणीचा आधार सुटत गेला. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांच्या फिरण्यावरच संशयाचा शिक्का मारला. वाहतुकीची एक मोठी जाणकारी अशी रस्त्यावरून उठली.

ज्यांच्याकडे तांडा नव्हता त्यांनीही सोबत शोधली. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते काका रामभटांबरोबर. ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, तेव्हापासून आपण त्यातले बंड, झाशी आणि लूट वाचत आलो आहोत. पण तो दोघांचा प्रवास आहे, ही गोष्टही महत्त्वाची आहे. एकाने स्नानाला जायचे तर दुसऱ्याने सामानाजवळ बसायचे, एकाला ताप आला तर दुसऱ्याने पाणी द्यायचे, ही सोय दोघांत न बोलता होते.

एकट्याने फिरण्याचा थोर दाखला मराठीत आहे आणि तो पहिल्याच गद्यग्रंथात आहे. ‘लीळाचरित्रा’च्या एका भागाचे नावच ‘एकांक’. चक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमंतीच्या लीळा त्यात येतात. महानुभावांच्या आचारात अटन, विजन, भिक्षा, भोजन आणि निद्रा हा दिनक्रम सांगितलेला आहे. त्याकडे नुसत्या प्रवासाच्या सोयीच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट दिसते. राखायला काही नसेल तर राखणदार लागत नाही. मुक्काम झाडाखाली असेल तर खोली मिळण्याचा प्रश्न येत नाही. एकट्याची अडचण एकटेपणातून जितकी येते त्याहून अधिक बरोबरच्या चीजवस्तूंतून येते. चीजवस्तू घेऊन एकटे निघायचे असेल, तर संन्याशाची मोकळीक मागून चालत नाही.

संसारी प्रवाशासाठी गावगाड्याने दुसरा माणूस पुरवला होता आणि तो फुकट नव्हता. निदान पुरवणाऱ्यासाठी नव्हता. सरकारी माणसाला किंवा प्रतिष्ठित पाहुण्याला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणे, वाट दाखवणे, बोजा वाहणे ही कामे गावच्या महारांवर वतनाच्या नावाखाली लादलेली होती. मोबदला तुटपुंजा, वेळ-अवेळ नाही आणि नकाराची मुभा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते या वेठीविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतने मुंबई राज्यात कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. म्हणून ‘पूर्वी रस्त्यावर माणुसकी होती’ असे म्हणताना जपून म्हणावे. त्या माणुसकीतली बरीचशी दुसऱ्याकडून सक्तीने घेतलेली होती.

त्याच काळात एक वेगळी वाटही दिसते. १८६७च्या सराय कायद्याने सराय चालवणाऱ्यावर काही कर्तव्ये टाकली. जागा स्वच्छ ठेवायची, दरांची यादी लावायची आणि उतरलेल्या माणसांच्या, जनावरांच्या, वाहनांच्या रक्षणासाठी मॅजिस्ट्रेटला आवश्यक वाटतील तितके पहारेकरी नेमायचे. कायद्याचा मुख्य रोख नोंदणी आणि देखरेखीवर होता, हे खरे. तरी त्यात एक तत्त्व आहे. प्रवाशाने सोबत आणली नसेल, तर राखणीची सोय मुक्कामाच्या जागेने करावी आणि तिचा दर सर्वांना दिसेल असा लिहावा.

क्लीनर आणि वाहक

मोटार आल्यावर दुसऱ्या माणसाला नवी नावे मिळाली. मालट्रकवर तो क्लीनर झाला. नाव पुसापुशीचे असले तरी त्याचे काम फार मोठे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू त्याला नीट दिसत नाही. ती बाजू क्लीनरच्या डोळ्यांची. गाडी मागे घेताना फळीवर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा तोच. टायरांवर टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखणे, ताडपत्रीची दोरी आवळणे, चालक जेवत असताना मालाशी बसणे आणि पहाटे चालकाचे डोळे मिटू लागले की बोलत राहणे, ही सगळी त्याची कामे. एसटीत हेच काम वाहकाने घेतले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला, ही दोघांची भाषा राज्यभर रुजली.

आता ही दुसरी जागा दोन्हीकडून आखडते आहे. एसटीच्या काही मार्गांवर विनावाहक गाड्या धावतात. क्लीनरची सक्ती काढून टाका, अशी मागणी मालवाहतूकदारांनी केली. क्लीनर म्हणून कोवळी पोरे नाममात्र पैशांत राबवली गेली, हे पाहता त्या जागेबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. पण माणूस कमी झाला म्हणून काम कमी होत नाही. ते उरलेल्या माणसावर जाते.

आजच्या एकट्याचा दिवस

खासगी मोटारीत एकटा बसलेला माणूस म्हणजे चालक, क्लीनर, वाहक आणि प्रवासी असे चौघे. त्याच्या अडचणी एकेक पाहिल्या तर क्षुल्लक आहेत. त्यांचा स्वभाव मात्र एकच आहे. प्रत्येक ठिकाणी त्याला एकाच वेळी दोन जागी असावे लागते.

पहिली अडचण लघवीची. पेट्रोल पंपांवर हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांची मोफत सोय असली पाहिजे, असे तेल कंपन्यांचे नियम आहेत. प्रत्यक्षात दाराला कुलूप असते, किल्ली आतल्या खोलीत असते आणि ती मागायची तर इंधनाच्या नळीसमोरून गाडी हलवून बाजूला लावावी लागते. दोघांत एक किल्ली आणतो, तोवर दुसरा पैसे देतो. एकटा माणूस आधी पैसे देतो, मग गाडी हलवतो, मग किल्ली शोधतो आणि मागच्या सीटवरची पिशवी काचेतून दिसते आहे हे आठवून परत येतो. पुरुष झाडाचा आडोसा शोधतो. महामार्ग ४४च्या जवळच, पांढरकवड्याच्या परिसरात टिपेश्वरचे वाघांचे अभयारण्य आहे, त्यामुळे अंधारात तोही विचार करण्याजोगा. बाईला तर तो पर्यायच नसतो. म्हणून अनेक जणी निघण्याआधीपासून पाणी पिणे टाळतात. विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हा उपाय आजाराला बोलावणे आहे. मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळीने हा प्रश्न शहराच्या संदर्भात मांडला. महामार्गावर त्याला अंतराची आणि एकटेपणाची जोड मिळते.

दुसरी अडचण टोलनाक्याची. फेब्रुवारी २०२१पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्या रांगा फास्टॅगच्या झाल्या आणि टॅग नसेल किंवा चालला नाही तर दुप्पट भरण्याचा नियम तेव्हा आला. टॅग वाचला गेला तर काही सेकंदांचे काम. नाही वाचला तर चालकाला फोन काढून शिल्लक पाहायची असते, पैसे भरायचे असतात, कर्मचाऱ्याशी बोलायचे असते आणि मागच्या ट्रकचा भोंगा ऐकायचा असतो. शेजारी कुणी असते तर नाका येण्याआधीच त्याने शिल्लक पाहिली असती. चालत्या गाडीत हातातला फोन वापरायला नियम फक्त दिशादर्शनासाठी परवानगी देतो आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे एकट्याला प्रत्येक निरोपासाठी, प्रत्येक पत्त्यासाठी गाडी थांबवावी लागते आणि चौपदरी रस्त्यावर थांबायला सुरक्षित जागा हवी तेव्हा नसते.

तिसरी अडचण खुद्द फोनची. नकाशा, पाकीट, टोल, खोलीचे आरक्षण, घरच्यांना खुशाली आणि अडचणीत मदत, ही सगळी कामे आज त्या एका वस्तूवर आली आहेत. एका अर्थाने तोच एकट्याचा क्लीनर. फरक इतकाच की क्लीनर आजारी पडला तर वाट दाखवत नसे, तरी खिशातले पैसे चालत. फोनची बॅटरी संपली, किंवा जंगलाच्या पट्ट्यात जाळे गेले, की सगळी कामे एकदम थांबतात. ढाब्यावर रोख दिली तर सुटे नसतात आणि यूपीआयला रेंज नसते. म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटांची वेगळी पुडी, कागदावर लिहिलेले चार क्रमांक आणि पुढच्या तीन गावांची नावे हा जुना शहाणपणा आजही कामाचा आहे. त्या चार क्रमांकांत राष्ट्रीय महामार्गाचा १०३३, रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ असावा.

चौथी अडचण बिघाडाची. चाक बदलणे एकट्याला जमते. जमत नाही ते चाक बदलताना मागून येणाऱ्या वाहनांकडे पाहणे. कापसाच्या मोसमात, दिवाळीनंतर, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बंड्या संध्याकाळच्या रस्त्यावर असतात. अशा वेळी जॅक लावून खाली वाकलेल्या माणसाला विजेरी धरणारा कुणीतरी हवा असतो. परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवणे ही त्याचीच भरपाई आहे. पण तो डिक्कीत सामानाच्या तळाशी असतो, कारण सामान भरताना तो लागेल असे कुणाला वाटलेले नसते.

पाचवी अडचण झोपेची. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पगारी चालकाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. स्वतःची गाडी चालवणाऱ्याला असा कायदा नाही आणि ‘आता थांबा’ म्हणणारे माणूसही नाही. ढाब्याने ही उणीव ट्रकवाल्यांपुरती भागवली. जेवणाऱ्याला खाट मोफत आणि गाडी नजरेसमोर. मोटारीतून उतरलेला एकटा माणूस त्या खाटेवर आडवा व्हायला संकोचतो. बाईसाठी तर ती खाट नसतेच.

‘एकटेच आहात का?’

मुक्कामाची अडचण सगळ्यांत अवघड, कारण तिथे अडचण माणसाच्या नजरेतून येते. तालुक्याच्या गावी रात्री नऊला लॉजवर गेलेल्या एकट्याला पहिला प्रश्न हा असतो. अनेक भक्तनिवासांत एकट्याला खोली न देण्याचा शिरस्ता आहे आणि छोट्या लॉजांतही नकार मिळतो. कारण स्पष्ट बोलले जात नाही, पण सर्वांना ठाऊक असते. एकटा माणूस खोलीत जिवाचे बरेवाईट करून घेईल आणि मग पोलीस, पंचनामा, बदनामी मागे लागेल, ही भीती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले तिथे ही भीती निराधार म्हणता येत नाही. एकट्या बाईच्या बाबतीत त्यात चारित्र्याच्या शंकेची भर पडते. सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहे आहेत, पण ती आधी सरकारी पाहुण्यांसाठी. आगाऊ परवानगी लागते आणि अधिकारी आला की साध्या प्रवाशाचा क्रम मागे जातो.

लॉजवाल्याचा प्रश्न ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. सोबत म्हणजे राखण आणि मदत, तशीच ती ओळखही होती. तांड्यातल्या माणसाची ओळख तांडा देई. काकांबरोबरच्या पुतण्याची ओळख काका. एकट्याला स्वतःविषयी ग्वाही देणारे कुणी नसते. आधारकार्ड नाव आणि पत्ता सांगते, माणूस बरा आहे हे सांगत नाही.

वेगाने हा प्रश्न सुटेल असे काही काळ वाटले. यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तरेकडून, वर्धा, अमरावती, वाशीम जिल्ह्यांतून समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटरांच्या या रस्त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. यवतमाळकर धामणगावकडून त्यावर चढतो. रस्ता सरळ, मोकळा आणि कुंपणाच्या आत. सुरुवातीच्या काळात पंप, उपाहारगृहे आणि स्वच्छतागृहे यांची वानवा ही त्याविषयीची मोठी तक्रार होती. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जाताना लागणारी गुंगी, ज्याला महामार्ग-संमोहन म्हणू लागले, ही दुसरी. दोन्ही तक्रारी एकट्याला अधिक बाधतात. जुन्या रस्त्यावर गाव लागे, गतिरोधक लागे, चहाची टपरी लागे. त्या व्यत्ययांनी माणूस जागा राही. रस्ता जितका अखंड, तितके थांबणे आधी आखून ठेवावे लागते. कंटाळा आला की थांबू, हे तिथे चालत नाही.

मग उपाय काय? प्रत्येकाने सोबत घेऊनच निघावे, हे उत्तर नाही. नोकरीसाठी, आजारी आईवडिलांसाठी, परीक्षेसाठी, धंद्यासाठी एकट्याने लांब जाणे आता नित्याचे आहे आणि त्यात बायकांची संख्या वाढते आहे, ही चांगली गोष्ट आहे. जुनी सोबत परत आणणे हेही उत्तर नाही, कारण ती बऱ्याचदा कुणाच्या तरी वेठीवर उभी होती. पगारी माणूस आणि लिहिलेला दर, ही सरायीच्या कायद्यातली कल्पना मात्र आज घेता येण्यासारखी आहे. तेल कंपन्यांनी ट्रकचालकांसाठी ‘अपना घर’ नावाने मुक्कामाची सोय सुरू केली आहे. तसाच विचार एकट्या मोटार आणि दुचाकीवाल्यांसाठी झाला तर बरेच काही हलेल. महामार्गावर ठराविक अंतराने उजेडातली, पहारेकरी असलेली गाडीतळाची जागा, तिथून दिसणारे किल्ली न लागणारे स्वच्छतागृह, दोन तास पडायला स्त्रीपुरुषांसाठी वेगळी खोली आणि एकट्याला नाकारता येणार नाही असा नियम, एवढ्या चार गोष्टी. यांतली एकही गोष्ट अवघड यंत्रसामग्रीची नाही.

त्या होईपर्यंत यवतमाळच्या रस्त्यांवर सोबतीचे काम छोट्या तुकड्यांत वाटलेले राहील. हवा भरणारा पोरगा ‘जा ना भाऊ, मी हाओ इथंच’ म्हणतो. चहावाली बाई पोरीला स्वतःच्या घरातला संडास दाखवते. पंक्चरवाला विजेरी धरतो. हे लोक प्रवासवर्णनांत ‘भेटलेली प्रेमळ माणसे’ म्हणून येतात. त्यांनी त्या घटकेला एक काम केलेले असते, ज्याची जागा पूर्वी रस्त्यावर ठरलेली होती आणि आज रिकामी आहे. त्यांचे आभार मानताना ती रिकामी जागाही दिसली पाहिजे.